घोड्यावरून उतरायचे कोणी?

हनोईत व्हान मिएउ नावाचे जुने विद्यामंदिर आहे. कन्फ्यूशियसच्या सन्मानार्थ १०७० मध्ये ते उभे राहिले आणि सहा वर्षांनी त्याला जोडून राजघराण्यातल्या मुलांसाठी शाळा निघाली. आज पर्यटक आत जातात ते दगडी कासवांच्या पाठीवर उभारलेले ८२ शिलालेख पाहायला. राजदरबाराच्या परीक्षांत सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. दरवाजाबाहेर मात्र दोन्ही अंगांना दोन दगड उभे आहेत आणि त्यांच्यापाशी फारसे कोणी रेंगाळत नाही. त्यांवर चिनी लिपीतली दोनच अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ एवढाच : घोड्यावरून उतरा. ह्वे या नंतरच्या राजधानीतल्या विद्यामंदिरापुढच्या दगडांनी आणखी एक अट घातली. उतरताना डोक्यावरचे छत्रही कलते करा. ही रीत एकट्या व्हिएतनामची नव्हे. सोलमध्ये राजघराण्याच्या पूर्वजांची पूजा होते त्या जोंगम्योपुढे असा दगड आहे, बीजिंगच्या कन्फ्यूशियस मंदिराबाहेरही आहे. बीजिंगच्या दगडांवर तर हाच हुकूम सहा लिपींत कोरला आहे. मांचू, मंगोल, तिबेटी, ज्या कोणा अंमलदाराची जी लिपी असेल तिच्यात. आपल्याला वाचता आले नाही, ही सबब कोणाला उरू नये म्हणून.

असा दगड पाहिला की पवित्र जागेचा मान राखण्याची जुनी शिस्त, एवढेच मनात येते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. पायी चालणाऱ्या माणसाला हा दगड काहीच सांगत नाही. ओझे वाहणारा हमाल, कोंबड्या विकायला निघालेली बाई, अनवाणी विद्यार्थी यांना उतरायला घोडाच नाही. दगड बोलतो तो घोडा, पालखी आणि छत्र बाळगणाऱ्यांशी. म्हणजे ज्यांच्यासाठी बाकी सगळा रस्ता मोकळा केला जातो त्यांच्याशी. म्हणून मानाचा दगड दिसला की त्याच्या मागे काय आहे याआधी तो कोणाला अडवतो हे विचारावे. त्या उत्तरावरून तो आदराचा दगड आहे की नुसत्या मुजोरीचा, हे बऱ्यापैकी कळते. या प्रश्नासाठी हनोईपर्यंत जायचे कारण नाही. सत्तेला अडवणारा लेखी हुकूम नाशिकमध्ये दगडावर कोरलेला आहे, तो सुमारे एकोणीसशे वर्षांचा आहे, आणि त्याच नाशिकमध्ये त्याच्या नेमका उलटा हुकूमही कित्येक पिढ्या चालला.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात २४ लेणी आहेत. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, भिक्षूंसाठी खोदवून घेतले. तिच्या लेखात मुलाची जी थोरवी सांगितली आहे तिच्यात शक, यवन, पल्हवांचा पाडाव आहे, क्षत्रियांचा गर्व उतरवणे आहे, आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असेही आहे. याच लेण्याच्या व्हरांड्यात, पूर्वेच्या भिंतीवर वरच्या बाजूला, त्या राजाचा एक कोरडा दफ्तरी हुकूम आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून तो निघाला. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो की अपरकखडी गावातले, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या तपस्व्यांना देत आहोत. इथपर्यंत हे कोणत्याही दानासारखे दान आहे. खरी गंमत पुढच्या ओळीत आहे. या शेतात शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी ते खणायचे नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही, आणि बाकीच्या सगळ्या सवलतीही त्याला लागू. प्राकृतातले हे शब्द ब्राह्मी लिपीत नीट ओळीने कोरलेले आहेत. भगवानलाल इंद्रजींनी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरसाठी ते वाचले, पुढे एमिल सेनार यांनी ते पुन्हा तपासून प्रसिद्ध केले.

हा हुकूम कोणासाठी आहे ते पाहावे. शेतात शिरायचे नाही हे गुराख्याला सांगितलेले नाही. मिठासाठी जमीन खणण्याचा हक्क सरकारचा, तेव्हा ती मनाई सरकारी माणसांनाच. ढवळाढवळ करणारे अंमलदार तर थेट नमूद आहेत. म्हणजे तीन समुद्रांवर घोडे नेणारा राजा आपल्याच फौजेला आणि आपल्याच कारकुनांना सांगतो आहे की या बांधाच्या आत तुमचे काम नाही. जगातले इतर राजेही भूदाने देतात, त्यात नवल नाही. पण दान दिलेल्या जमिनीचा खरा शत्रू चोर नसतो, दान देणाऱ्याचाच नोकर असतो, ही समज या मजकुरात आहे, आणि ती अनुभवाशिवाय येत नाही. हनोईच्या दगडात आणि या लेखात कित्येक शतकांचे अंतर आहे, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. तरी दोघांचा रोख एकाच दिशेला आहे.

राजाच्या या हुकमाचे पुढे काय झाले, तेही त्याच भिंतीवर आहे. पहिल्या लेखाच्या लगोलग खाली दुसरा लेख सुरू होतो, राज्याच्या चोविसाव्या वर्षाचा. आता गोवर्धनला अमात्य आहे श्यामक, आणि हुकूम राजाच्या बरोबरीने राजमातेच्याही नावाचा आहे. मजकूर असा, की आम्ही पूर्वी कखडी गावात दिलेले शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडले आहे. तरी शहराच्या शिवेवर आमच्या मालकीचे जे सरकारी शेत आहे त्यातली शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. सवलती त्याच. शिरायचे नाही, हात लावायचा नाही, मीठ खणायचे नाही. सहा वर्षांत पहिला हुकूम कागदापुरता उरला होता, किंवा दगडापुरता म्हणा, आणि राजसत्तेने तो लपवला नाही. जुना लेख तासून टाकलेला नाही. वर चूक, खाली दुरुस्ती, दोन्ही वाचायला मोकळे. दोनशेच्या जागी शंभर मिळाली यावर भिक्षू काय म्हणाले असतील ते लेखात नाही. पण त्यांच्याजवळ बोट ठेवायला एक ओळ होती, आणि पुढच्या अमात्यापुढे ती ओळ उपयोगी पडणारी होती.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या जाणत्यांकडून येईल. राजे असे उदार कशाला होतील? उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात त्याची दाने कोरलेली आहेत. नहपानाचा पराभव केल्यावर जुन्या धन्याचे शेत काढून भिक्षूंना देणे म्हणजे नव्या मुलखात आपले बस्तान बसवणे. शिवाय भिक्षूंचे मठ काही दरिद्री नव्हते. उषवदाताने त्यांच्यासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले होते, दोन हजार शेकडा एक दराने आणि हजार शेकडा पाऊण दराने, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागावा म्हणून. हे सगळे खरे आहे. पण हेतू राजकीय होता म्हणून बंधन खोटे ठरत नाही. उलट सत्तेने स्वतःला घातलेली बहुतेक बंधने कोणत्या ना कोणत्या सोयीतूनच आलेली असतात. प्रश्न एवढाच की सोय संपल्यावर ते बंधन पुसता येते का. दगडावर, पाहुण्यांच्या नजरेसमोर, अंमलदाराच्या नावासकट कोरलेले बंधन पुसायला थोडी तरी लाज आणि बरीच छिन्नी लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शेत कुठे, लेख कुठे! डोंगरावरच्या लेण्यात छताजवळ कोरलेला मजकूर शेतात शिरणाऱ्या शिपायाने वाचायचा कधी? हा तर घेणाऱ्याने आपल्याच घराच्या भिंतीवर सातबाऱ्याचा उतारा कोरून ठेवावा तसा प्रकार झाला. याचे थोडे उत्तर दहाव्या लेण्यातच आहे. उषवदाताचा लेख सांगतो की त्याचे दान निगमसभेत जाहीर केले गेले आणि दफ्तरात नोंदले गेले. म्हणजे दगड हा तिसरा पुरावा. आधी तोंडी घोषणा, मग दफ्तर, मग लेणे. तरी आक्षेपातले तथ्य उरतेच, आणि पुढच्या काळात मराठी मुलखाने त्याला स्वतःचे उत्तर शोधले. हुकूम डोंगरावरून उतरला आणि शिवेवर येऊन उभा राहिला. तोच गद्धेगाळ.

शिलाहार, कदंब, यादवांच्या काळातले हे दगड कोकणात आणि देशावर आजही सापडतात. वर चंद्र, सूर्य आणि बहुधा मंगलकलश. जोवर चंद्रसूर्य आकाशात आहेत तोवर दान चालावे, असा त्याचा अर्थ. मधे लेख. खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प, आणि त्याला जोडून शिवी : जो हे दान मोडेल त्याच्या आईला हे भोगावे लागेल. परळ इथल्या शिलाहार अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखात बाकी मजकूर संस्कृत आहे, शिवी मात्र मराठीत. संस्कृत दरबारासाठी, मराठी ज्याला दम भरायचा त्याच्यासाठी. आणि ज्याला तीही वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र. अलिबागजवळच्या नागावचा शके १२८९ चा गद्धेगाळ याच्याही पुढे जातो. त्यात शकाबरोबर हिजरी साल येते आणि आरंभीच्या मजकुरात अरबी शब्द येतात, कारण तोवर अंमलदारांची भाषा बदलू लागली होती. बीजिंगच्या सहा लिपींमागे जी निकड आहे तीच इथे आहे. ज्याला थांबवायचे त्याला कळेल अशा भाषेत सांगितले तरच तो हुकूम. पुढे सनदांच्या कागदांवर हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची शपथ घातलेली आढळते ती याच परंपरेतली, आणि गोव्यात फोंड्याजवळच्या हडकोळणचा संभाजी महाराजांच्या वेळचा १६८८ चा शिलालेखही. तो तर करमाफीचा हुकूम आहे, आणि तो मोडणाऱ्याला महापातकाचा धाक घालतो. माफ केलेला कर पुन्हा वसूल कोण करणार? शेतकरी नव्हे.

गद्धेगाळाचे कौतुक मात्र इथेच आवरले पाहिजे. तो सत्तेला अडवतो हे खरे, पण अडवण्याची किंमत तो दुसऱ्याच कोणाकडून वसूल करतो. दान मोडणारा पुरुष, दान देणारा पुरुष, शिवी कोरणारा पुरुष, आणि दगडाच्या तळाशी विटंबना एका बाईची, जिचा या व्यवहाराशी कसलाही संबंध नाही. काळ तसा होता, असे म्हणून ही गोष्ट बाजूला सारता येत नाही, कारण त्याच काळातल्या कितीतरी दानलेखांत दान मोडणाऱ्याला नुसता नरकवास सांगितला आहे आणि तेवढ्याने त्यांचे भागले आहे. गाढवाचा धाक अधिक चालला, कारण तो सगळ्यांना पाहताक्षणी कळत होता. आज काही गावांत अशा दगडाला शेंदूर फासून देव करतात, काही ठिकाणी तो अपशकुनी म्हणून टाळतात. शासनाची जरब विसरली गेली, चित्राची ओशाळवाणी भीती तेवढी उरली. हनोईच्या दगडालाही सोवळे ठरवायचे कारण नाही. ज्या विद्यामंदिरापुढे मंत्र्यांना पायउतार व्हावे लागे, तिथल्या परीक्षांना बायकांना बसता येत नसे. एका उतरंडीला खीळ घालणारा दगड दुसऱ्या उतरंडीच्या पायात भराव म्हणून घातलेला असू शकतो.

आता नाशिकमधला उलटा हुकूम. पांडवलेण्यांपासून काही किलोमीटरवर पंचवटीत काळाराम मंदिर आहे, पेशवाईच्या अखेरच्या काळात सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधलेले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांचा मोर्चा शिस्तीत या मंदिराकडे निघाला. दरवाजे बंद होते. दादासाहेब गायकवाडांनी लढ्याची घडी बसवली, रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, सत्याग्रह वर्षानुवर्षे रेटला गेला, आणि मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिले की आता हा मार्ग थांबवावा. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. काळारामाच्या दारात लोकांना अडवणारी गोष्ट कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेला, कोणत्या अमात्याच्या नावे निघाली होती? कोणाच्याच नाही. ती वहिवाट होती. गौतमीपुत्राच्या हुकमात चूक निघाली तेव्हा तिच्यावर बोट ठेवता आले, सहा वर्षांत दुरुस्ती कोरता आली. वहिवाटीवर बोट ठेवायला ओळच नसते. तिला वर्षानुवर्षे धडका मारल्या तरी ती म्हणते, मी कुठे काय लिहिले आहे!

दगडांकडे पाहताना म्हणूनच दुसरी कसोटी लागते. हुकूम कोणाला थांबवतो, आणि तो उघड लिहिला आहे का? सत्तेला अडवणारे हुकूम बहुधा लिहावे लागतात, कारण लिहिल्याशिवाय सत्ता ऐकत नाही. दुबळ्याला अडवणारे बहुधा लिहावे लागत नाहीत. सगळ्यांना ते आधीच पाठ असतात. दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून आजही येतात. घोड्यावरून उतरा हीच दोन अक्षरे, पण कुठल्याही वेशीवर तसा दगड नाही. असता तर निदान तो उपटून टाकता आला असता.

परंपरेच्या बाजूने इथे एक म्हणणे मांडले जाते, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पूजास्थानाला आपले नियम असतातच. चपला बाहेर, डोके झाकलेले किंवा उघडे, गाभाऱ्यात सोवळे, मशिदीत वजू, गुरुद्वारात रुमाल. हे सगळे लोकांना अडवणेच आहे. मग एकालाच नावे का ठेवायची? फरक असा की चपला काढता येतात, घोड्यावरून उतरता येते, डोके झाकता येते. जात उतरवून दारात ठेवता येत नाही. पाळता येतो तो नियम, पाळून संपतच नाही ती बंदी. मुंबई राज्याने १९५६ मध्ये हिंदू पूजास्थान प्रवेशाचा जो कायदा केला त्याने ही रेघ ओढली, आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावे की नाही या वादात २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने याच कायद्याकडे बोट दाखवले. साठ वर्षे तो कायदा पुस्तकात होता. कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत चौथऱ्यापाशी तो कोणाला ऐकू गेला नव्हता.

आजच्या पाट्यांना या दोन कसोट्या लावून पाहण्यासारखे आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या पाटीची आठवण येते ती ब्राह्मी अक्षरांशेजारी बदाम कोरणाऱ्या प्रेमवीरांमुळे, पण त्याच दुरुस्तीने वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घातली आहे, आणि हा भाग बिल्डरला आणि खुद्द सरकारी खात्यांनाही अडवतो. गौतमीपुत्राच्या हुकमाचा हा खरा वारस, आणि म्हणूनच तो सैल करावा अशी मागणी सतत होत असते. मोठ्या देवस्थानांच्या दारातल्या पाट्यांवर मोबाइल, चामडी पट्टा, तोकडे कपडे यांची यादी असते. मोटारीची, ताफ्याची, ओळखीच्या फोनची नसते. व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा अशी खास वागणूक नसावी असे मत न्यायमूर्तींनी व्यक्त केले, पण निर्णय देवस्थाने आणि समाज यांच्यावर सोडला. त्याच महिन्यात २९ तारखेला प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येला चेंगराचेंगरी झाली. तीस जण गेल्याचे प्रशासनाने सांगितले, आणि त्यानंतर सगळे व्हीआयपी पास रद्द करून संपूर्ण मेळा वाहनमुक्त जाहीर झाला. घोड्यावरून उतरा हा हुकूम निघाला, पण माणसे गेल्यावर.

नाशिकला हे नवे नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात काळारामाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ जण दगावले. आता येणारा सिंहस्थ २०२७ चा आहे. वाहनबंदीच्या अधिसूचना निघतील, आणि प्रत्येक अधिसूचनेत सूट मिळालेल्यांची एक यादी असेल. ती बहुधा पोलिसांच्या आणि पासधारकांच्या हातातच राहील. ती मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत, रामकुंडाकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी लावायला हरकत नसावी : कोणत्या पदाच्या माणसाची गाडी कुठवर जाईल, कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेपर्यंत. भाविकांना पायी चालायचेच आहे. पंधरा किलोमीटर चालून आलेल्या माणसाला तेवढे वाचण्याचा हक्क आहे, आणि यादीतल्या एखाद्याला आपले नाव तिथे वाचून गाडी मागेच उभी करावीशी वाटली, तर त्याचीही सोय होईल.